पाऊस आला कीं नुसती वर्दी?

मृग तोंडावर आला कीं आमच्या धाराशिव जिल्ह्यांत अजून घरोघर पंचांग उघडतें. यंदा मृगाचें वाहन कोल्हा कीं बेडूक, हें विचारावयाचें आणि दक्षिणा ठेवून उठावयाचें! बेडकावर बसून येणारा पाऊस कळंबास पडेल कीं परंड्यास, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

वेधशाळेच्या वर्दीनेंही आमचे शेतकरी बांधव फसतात. कारण तिची भाषा त्यांस कोणी शिकविली नाहीं. २०२५ सालीं मोसमी वारे २४ मे रोजीं केरळांत आणि २६ मे रोजीं मुंबईंत पोंचले. पाऊस आला, अशी एकच हाकाटी झाली. मग मेअखेरीस ते वारे जे अडले, ते जूनच्या मध्यापर्यंत पुढें सरकेनात. वारे येणें निराळें आणि पेरणीजोगी ओल होणें निराळें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, असें परभणीचें कृषि विद्यापीठ सांगत असतें. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याची दुसरी पिशवी, म्हणजे उधारी. आणि कुणब्याची उधारी थकली कीं सुतार-लोहाराची मजुरीही थकते.

अंदाजांत 'तुरळक ठिकाणीं' असें असेल, तर शंभरांत फार तर पंचवीस ठिकाणीं पाऊस, असा अर्थ घ्यावा. त्या पंचविसांत आपलें शिवार धरून तिफण जुंपूं नये. 'बहुतांश ठिकाणीं' म्हणजे पंचाहत्तरांहून अधिक. पेरणी, फवारणी, काढणी यांस उपयोगी पडतो तो पुढील चार-पांच दिवसांचाच अंदाज.

परभणीहून दर मंगळवारीं व शुक्रवारीं मराठींत कृषि-हवामान सल्ला निघतो. ज्याच्या हातीं चांगला फोन, त्यास तो मिळतो. बाकीच्यांनीं काय करावें? जिल्ह्यापुरता सल्ला देण्यासाठीं कृषि विज्ञान केंद्रांत उघडलेले कक्ष बंद करण्याचा हुकूम २०२४ सालीं दिल्लीहून सुटला. मोठीच काटकसर झाली! पुढच्याच वर्षीं सप्टेंबरांत भूम-परंड्याकडे असा पूर आला कीं माणसें हेलिकॉप्टरनें काढावीं लागलीं. वर्दी एक रात्र आधीं हातीं पडली, तर दावणीचीं गुरें तरी सोडतां येतात.

ग्रामपंचायतींनीं हा सल्ला आठवड्यांतून दोनदां चावडीच्या फळ्यावर लिहावा व भोंग्यावरून वाचावा. सातवीचीं पोरें हें काम आनंदानें करतील. शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापकही बसवावें. अतिवृष्टीच्या भरपाईचा ६५ मिलिमीटरचा हिशेब महसूल मंडळाच्या यंत्रावर होतो, आणि तें यंत्र पुष्कळ गांवांपासून कोसांवर असतें. त्याच्या आंकड्याशेजारीं आपल्या गांवचाही आंकडा रोजच्या रोज लिहिलेला असावा.