ओळ कुठे तोडायची, हे कोण ठरवणार?

“अगं, तू लिटरेचरवाली. तुला हे कोडिंग कशाला?” सुट्टीत मी रिअ‍ॅक्ट शिकायला बसले तेव्हा घरी आणि वर्गात सगळ्यांनी हेच विचारलं. माझं मत सांगते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी रिअ‍ॅक्टची निदान तोंडओळख करून घ्यावी. नोकरीसाठी सोडा, भाषेसाठी.

वेबपेजचा दर्शनी भाग उभारायची ही जावास्क्रिप्ट लायब्ररी फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिचा पाया म्हणजे कंपोनंट. प्रेसमधली लग्नपत्रिका आठवा. नक्षी तीच, नावं आणि तारीख दर वेळी वेगळी. पत्रिकेचा साचा म्हणजे कंपोनंट, बाहेरून भरलेली नावं म्हणजे प्रॉप्स. कवितेचा एक कंपोनंट लिहिला की शीर्षक, कवी आणि ओळी बदलून अंकातल्या सगळ्या कविता त्यातूनच दाखवता येतात.

तिसरी गोष्ट स्टेट, म्हणजे कंपोनंटची स्वतःची आठवण. इथे मी दोन संध्याकाळी अडकले. ‘आवडली’चं बटण दाबलं की कन्सोलमध्ये १, २, ३ दिसायचं, स्क्रीनवर मात्र शून्यच! शेवटी कळलं, आकडा परस्पर बदलून चालत नाही. यूजस्टेटने दिलेल्या फंक्शनमधून तो बदलला, तरच रिअ‍ॅक्ट तो भाग नव्याने दाखवतं.

पण खरा धडा पुढे होता. माझीच आठ ओळींची कविता कंपोनंटमध्ये टाकली आणि पेज उघडलं, तर सगळ्या ओळी एकापुढे एक, सलग! जेएसएक्स, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं लिहायची पद्धत, नव्या ओळीला साधी मोकळी जागा समजते. एररही आली नाही, कारण मशीनच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. पण ओळ कुठे तोडायची हा कवीचा निर्णय असतो. ओवी अशी सलग छापली तर तिचा आखूड चौथा चरण डोळ्यांना दिसेल का? मग मी ओळींची यादी केली, मॅप वापरून प्रत्येक ओळ वेगळी दाखवली आणि कविता परत कविता झाली.

आणखी एक गंमत. रिअ‍ॅक्टचा नियम सांगतो, कंपोनंटचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू करा. देवनागरीत कॅपिटल कुठून आणायचं? मी हट्टाने ‘कविता’ असंच नाव दिलं आणि ते चाललं, कारण जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात. मात्र आत यूजस्टेट वापरताच कोड तपासणाऱ्या ईएसलिंटने तांबडी रेघ ओढली. नियम करणाऱ्याचं आपल्याशी वैर नाही, नियम करताना त्याच्यासमोर आपली लिपी नव्हती एवढंच. मग ती समोर ठेवणार कोण?

कुणी म्हणेल, आता एआय कोड लिहून देतो, शिकायचं कशाला? देतो, मीही घेते. पण ओळ मोडली हे ओळखायला कविता वाचणारा माणूस लागतो आणि ती दुरुस्त करायला बेसिक्स लागतात. दोन्ही एकाच डोक्यात असलेलं बरं. कोड इंग्रजीत असतो ही भीतीही नको. बेळगावात आपण घरी कोकणी, बाजारात कानडी आणि वर्गात मराठी-इंग्रजी बोलतोच की!

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. दोन-चार कवितांच्या पेजला रिअ‍ॅक्ट लागतच नाही, साधं एचटीएमएल पुरतं. म्हणून आधी एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि मगच रिअ‍ॅक्ट. मी थेट उडी मारली आणि त्याची किंमत त्या दोन संध्याकाळींनी चुकवली.

आपला अंक पीडीएफमध्ये निघतो आणि मोबाइलवर बोटांनी मोठा करकरून वाचावा लागतो. पुढचा अंक वेबपेजवर काढूया का? कंपोनंट मी लिहिते. ओळी कवीने तोडल्या तिथेच तुटतात ना, हे पाहायला दोघं-तिघं हवेत. कोडिंग येत नसलं तरी या.