वारुळाला हात जोडायचे की वारूळ उकलायचं?



अवसरी बुद्रुकच्या शिवारात बांधावर वारूळ दिसलं की आजही हात जोडले जातात. नागपंचमीला त्याला हळदकुंकू वाहिलं जातं. ते वारूळ नागानं नाही, वाळवीनं बांधलेलं असतं, हे शाळेत शिकूनही डोक्यात उतरत नाही. त्या वाळवीच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या एका बाईबद्दल आम्हाला आज बोलायचं आहे, कारण तिची गोष्ट आपल्याच चळवळीला काही अवघड प्रश्न विचारते.

तिचं नाव मार्गारेट कॉलिन्स. जन्म १९२२, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, कृष्णवर्णीय कुटुंबात. वडील शेतीचे शिक्षक. सहाव्या वर्षीच तिला जवळच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचं ग्रंथालय खुलं झालं आणि चौदाव्या वर्षी तिनं शाळा संपवली. १९४३ मध्ये पदवी आणि १९५० मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट. कीटकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचे मार्गदर्शक आल्फ्रेड इमर्सन वाळवीचे जगप्रसिद्ध अभ्यासक होते. त्यांनी तिला प्रोत्साहन दिलं, पण क्षेत्रकामावर न्यायला मात्र ते तयार नव्हते. बायका सोबत असल्या की अडचणी होतात, असं त्यांचं मत. म्हणजे वंशाची भिंत ओलांडून आत आलेल्या बाईपुढे बाईपणाची दुसरी भिंत उभी होतीच.

ती थांबली नाही. वाळवीच्या कोणत्या प्रजाती कोरडेपणा किती सहन करतात, यावर तिनं प्रबंध लिहिला. पुढे मेक्सिको, गयाना, सुरिनामच्या जंगलात स्वतः फिरली. १९८९ मध्ये एका सहकाऱ्यासोबत फ्लोरिडातल्या वाळवीच्या नव्या प्रजातीची नोंद केली. १९९६ मध्ये केमन बेटांवर संशोधन करत असतानाच तिचं निधन झालं. वय ७३.

तुम्ही विचाराल, कीटकांचा आणि चळवळीचा काय संबंध? संबंध आहे. १९५६ मध्ये फ्लोरिडातल्या टालाहासी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा ही प्राध्यापिका आपल्या गाडीतून लोकांना कामावर पोचवत होती. गोऱ्यांच्या एका विद्यापीठात जीवशास्त्र आणि समता या विषयावर तिचं व्याख्यान ठरलं, तर बॉम्बची धमकी आली. व्याख्यान रद्द झालं, विषय रद्द झाला नाही. १९८१ मध्ये विज्ञान आणि मानवी समतेचा प्रश्न यावरचा ग्रंथ तिनं इतरांसोबत संपादित केला. वंशावरून बुद्धी ठरते म्हणणाऱ्यांना तिनं त्यांच्याच मैदानात, विज्ञानात गाठलं.

बाबासाहेबांनी हेच केलं होतं. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये अस्पृश्य हा वेगळा वंश आहे हा सिद्धांत त्यांनी तपासला तो नाकाच्या मोजमापांच्या आकड्यांवर, आणि खोडून काढला. आपला लढा फक्त घोषणेचा नाही, पुराव्याचाही आहे, ही शिकवण आपल्याकडे तेव्हापासून आहे.

आता वारुळाकडे परत येऊ. इंग्रजी कीटकशास्त्रात वाळवीतल्या कामकरी, सैनिक, राजा-राणी या गटांना ‘कास्ट’ म्हणतात. आपल्या जातीला जो शब्द, तोच. मनुवाद्यांना हे फार आवडतं. “बघा, निसर्गातच चातुर्वर्ण्य आहे!” पण वारूळ उकलून पाहणारं विज्ञान काय सांगतं? वाळवीच्या अनेक प्रजातींत कोण काय होणार हे जन्मावर शिक्का मारून ठरत नाही. अन्न, वसाहतीची गरज, एकमेकींना मिळणारे रासायनिक संकेत यांवर ते बरंचसं अवलंबून असतं. कॉलिन्स यांनी अभ्यासलेल्या गटात तर राजा-राणी मेले की कामकऱ्यांपैकीच काही जण त्यांची जागा घेऊ शकतात. ज्या किड्याचा दाखला देऊन जात नैसर्गिक ठरवायची, तो किडासुद्धा मनुस्मृती पाळत नाही! आणि पाळत असता, तरी माणसानं किड्याकडून कायदा का घ्यावा? हे उत्तर ठामपणे द्यायला आपल्यातलं कोणीतरी तो विषय शिकलेलं हवं. इथेच आपलं घोडं अडतं.

आमच्या भागात बटाटा, कांदा, ऊस. हुमणी मुळं खाते हे सगळ्यात आधी कळतं ते खुरपणी करणाऱ्या बाईला. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे रात्री बाभळी-कडुनिंबावर जमतात, तेव्हाच फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढची अळीच कमी होते. पण सल्ला दिला जातो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला. भूमिहीन बाईच्या वाट्याला येते ती मजुरी आणि अंगावर उडणारं औषध. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. कीटकशास्त्र हा आपल्यासाठी जगण्या-मरण्याचा विषय आहे.

आणि आपण काय करतो? हुशार मुलगी दिसली की एमपीएससी, नाहीतर लग्न. स्पर्धा परीक्षा वाईट नाही, प्रतिनिधित्व हवंच. पण प्रयोगशाळेतल्या प्रतिनिधित्वाचं काय? १४ एप्रिलला व्यासपीठावर पुरुष आणि भोजनदानाच्या चुलीपाशी बाया, हे चित्र इमर्सनच्या मतापेक्षा किती वेगळं आहे?

जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीविद्या मिळावी असा आग्रह धरला. आज राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिथल्या कीटकशास्त्र विभागात आपल्या वस्तीतल्या मुली पोचल्या तरच त्या नावाला अर्थ आहे. पोचल्यावर त्यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी उभं राहणं हे आपलं काम आहे. बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या हक्काच्या पैशासाठी आझाद मैदानावर बसावं लागलं, तेव्हा आपल्यातले किती जण तिथे गेले होते?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. येत्या पावसाळ्यापासून प्रत्येक विहारात एक वही ठेवा. शिवारात कोणता किडा, कधी, कोणत्या पिकावर दिसला, ते मुलींनी आपल्या आयांना विचारून लिहावं. आईचं ज्ञान आणि लेकीचं अक्षर एका पानावर आलं, की संशोधन सुरू झालं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, त्यात वाळवीही येते.