मान नावाचा की विद्येचा?

मातीचे भांडे मोठे की ते घडविणाऱ्याचे नाव मोठे? आधुनिक जपानच्या कुंभारांनीच हा प्रश्न उभा केला; आणि तेथील सरकारने त्याचे पहिले उत्तर चुकीचे दिले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यानागी सोएत्सु, हामादा शोजी व कावाई कान्जिरो यांनी १९२५ साली ‘मिंगेई’ हा शब्द घडविला. अनाम हातांनी नित्याच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंतील सौंदर्य, हा त्याचा आशय. माशिको गावी राहणारे हामादा आपल्या भांड्यांवर सही करीत नसत. तरीही १९५५ साली सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरविले. कावाई यांनी मात्र तो मान नाकारला. तत्त्वाशी इमान कोणी राखले, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, मानावाचून विद्या लोपेल. आक्षेप पोकळ नाही. परंतु मान द्यावा कोणास? क्यूशू बेटावरील ओन्ता गाव पाहा. तेथील मोजकी कुंभारघराणी ओढ्याच्या पाण्यावर हलणाऱ्या लाकडी मुसळांनी माती कांडतात. भांड्यावर कोणी स्वतःचे नाव घालीत नाही. १९९५ साली शासनाने तेथील विद्येचा गौरव केला, तो एका व्यक्तीच्या नावे नव्हे, समूहाच्या नावे.

हाच खरा मार्ग! एकाच नावाला मान दिला की बाजार भांडे सोडून पेटीवरची सही विकत घेतो, आणि शेजारच्या चाकावरचे तितकेच उत्तम भांडे बेवारस ठरते. पदवीचा धनी एक दिवस जातो. ओढा, माती आणि घराणी टिकली, तरच विद्या टिकते.