दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत

सोयाबीन निघालं, पऱ्हाटी फुटली, वेचणीला माणसं मिळेनाशी झाली. यवतमाळ जिल्ह्यात दिवाळी येते ती अशी, हिशेबाच्या धांदलीत. सुट्टी संपली की शाळांत गॅदरिंगच्या तालमी सुरू होतील आणि ‘नाचगाण्यात अभ्यास बुडतो’ ही तक्रारही. त्या तक्रारीशी थोडं बोलावं, म्हणून यंदाचा दिवाळी अंक शाळेतल्या कलांना वाहिला आहे.

या कलांची बाजू बहुतेकदा गुणांच्या जोरावर मांडली जाते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात. हे पालकांना चटकन पटतं. दुसरा मुद्दा स्टेज डेअरिंगचा. दोन्ही खरे, पण तोकडे. नाटकात मूल बोलण्याआधी थांबायला शिकतं. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प राहायचं, तो अडला तर सांभाळून घ्यायचं. विंगेत संहिता धरून बसलेल्या मुलीला टाळी मिळत नाही, पण सगळ्यांची वाक्यं तिलाच पाठ असतात. परीक्षेत शेजाऱ्याचं चुकलं तर आपला नंबर वर सरकतो; नाटकात शेजाऱ्याचं चुकलं तर सगळ्यांचाच प्रवेश पडतो.

नाटकाच्या या शिकवणीचं मोल या जिल्ह्याने मोठ्या मांडवात पाहिलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. पतीच्या आत्महत्येनंतर संसार एकटीने ओढणाऱ्या वैशालीताई श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. ज्यांच्यावर ही वेळ आली, त्याच बाया त्या नाटकात उभ्या राहिल्या होत्या. चारचौघींसोबत तालीम करताना एकटीचं दुःख सगळ्यांचं म्हणणं होतं, आणि मग ते हजारोंपुढे मांडता येतं. हे बळ मिळायला एवढं मोठं संकट का यावं लागावं? ते चौथी-पाचवीतच का मिळू नये?

शिकवणारेही दूर नाहीत. दिवाळीच्या याच दिवसांत झरी जामणी, केळापूरकडे गोंड-कोलामांच्या वस्त्यांवर दंडारीचा नाच रंगतो. होळीला बंजारा तांड्यांवर लेंगीची गाणी घुमतात. तिथली मुलं ढोलाच्या ठेक्यावर वाढतात. शाळेत मात्र त्यांना मोबाइलवरच्या सिनेमागाण्याच्या स्टेप्स शिकवल्या जातात आणि ती मागच्या रांगेत जातात. त्यांच्या आजोबांना एक दिवस शाळेत बोलवा, वर्गाला शिकवू द्या. गुरुजींपुढे अडखळणारं पोर त्या दिवशी इतरांना पावलं दाखवील.

म्हणून शाळांकडे तीन मागण्या. कलेचा तास गणिताला देऊ नका. गॅदरिंगमध्ये प्रत्येक मुलाला काही तरी काम द्या, मग ते पडदा ओढायचं का असेना. आणि एक तरी कार्यक्रम घरच्या बोलीत होऊ द्या: वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी, जी असेल ती. याला पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो.

गॅदरिंगचं बोलावणं आलं तर वेचणीतून एक सांज काढून जा, आणि आपल्या मुलाचा नाच संपला तरी शेवटच्या कार्यक्रमापर्यंत बसा.

— संपादक