जुन्या ध्वनिवर्धकावरील कापड धुवावें काय?

आपल्या शाळांतून स्वच्छतेचें महत्त्व मुलांच्या मनावर इतकें बिंबविलें जातें कीं, मळलेली वस्तु दिसतांच ती घासून पुसून नवी करावी असें त्यांस आपोआप वाटूं लागतें. कपडे, भांडीं, फरशा यांच्या बाबतींत हें योग्यच आहे. परंतु कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्यांस उत्साहानें धुणें म्हणजे त्यांचा नाश करणें होय. गिटारचा नाद मोठा करणारीं जुनीं यंत्रें, ज्यांस ॲम्प्लिफायर म्हणतात, तीं या वर्गांतलीं होत. आतां प्रार्थनेंत व स्नेहसंमेलनांत गिटार सर्रास वाजते, आणि आमचे कित्येक विद्यार्थी जुन्या ॲम्प्लिफायरांच्या छायाचित्रांवर लुब्ध असतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत फुलरटन नांवाचें गांव आहे. तेथें रेडिओ दुरुस्तीचें दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर (१९०९–१९९१) या गृहस्थांनीं १९४६ च्या सुमारास आपल्या नांवाचा धंदा काढला. त्यांचे पहिले ॲम्प्लिफायर उघड्या लाकडाचे होते. पुढें सुमारें १९४८ पासून १९६० पर्यंत पाइन लाकडाच्या पेटीवर कापड चिकटविण्याची चाल पडली. या कापडास 'ट्वीड' म्हणतात; पण तें नांवापुरतेंच. खरें ट्वीड लोकरीचें असतें आणि हें सुती, तिरप्या विणीचें, त्या काळच्या प्रवासी पेट्यांवर असे त्या जातीचें आहे. तें सरसानें लाकडास चिकटवीत व त्यावर रोगणाचा पातळ हात देत.

धुणाऱ्याची चूक होते ती येथेंच. त्यास समोर कापड दिसतें, म्हणून तो साबण व पाणी घेऊन बसतो. पाणी खालीं मुरलें कीं सरस सुटतो, कापडास फुगे येतात, आणि वाळतांना तें आकसून कडा उचलल्या जातात. स्पिरिट किंवा ॲसिटोन वापरावें तर रोगणच विरघळतें, व जेथें बोळा फिरला तेथें फिकट चट्टा उमटतो. जोरानें घासावें तर झिजलेल्या कोपऱ्यांवरचे धागे तुटतात. शिवाय मधासारखा जो पिवळसर रंग पाहून मन विटतें, तो सगळा मळ नव्हेच. धुराचा अंश त्यांत असतो खरा, परंतु बराचसा रंग जुन्या झालेल्या रोगणाचा असतो. तो काढूं जाणें म्हणजे सत्तर वर्षें कापडास राखणारें आवरणच काढणें.

मग यंत्र मळकेंच ठेवावें काय? मुळींच नाहीं. धूळ ही धूळच. ती ओलावा धरते व धागे कुरतडते. ती कोरडीच काढावी. मऊ केसांचा कुंचला तिरप्या रेघांच्या दिशेनें फिरवावा. धूळ ओढणारें यंत्र वापरल्यास त्याच्या तोंडावर बारीक जाळी बांधावी, म्हणजे सुटे धागे आंत ओढले जाणार नाहींत. एवढ्यानें न भागल्यास सौम्य साबणाचा नुसता फेस, पाणी नव्हे, घट्ट पिळलेल्या फडक्यावर घेऊन प्रथम तळाशीं, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या ठिकाणीं लावून पाहावा, आणि तें वाळेपर्यंत धीर धरावा. हा धीरच आमच्या तरुण मित्रांस अवघड जातो! १९६० नंतर ट्वीडच्या जागीं 'टोलेक्स' नांवाचें प्लॅस्टिकचा लेप असलेलें आवरण आलें. तें मात्र ओल्या फडक्यानें खुशाल पुसावें.

समोरच्या जाळीदार कापडावर पाणी कधींच शिंपडूं नये, कारण त्यामागें स्पीकरचा कागदी शंकु असतो. आणि पालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें कीं, साफसफाईच्या निमित्तानें मुलांस पेटीच्या आंत हात घालूं देऊं नये. तारेचा संबंध तोडल्यावरही आंतील कपॅसिटरांत कित्येक शें व्होल्टांचा विद्युत्संचय राहूं शकतो, व तो जिवावर बेतूं शकतो.

कोणी म्हणतील कीं, एवढी कटकट कशास, जुनें कापड फाडून नवें लावावें. ज्या पेटीचें कापड चिंध्या होऊन लोंबत आहे, तिच्याविषयीं आमची हरकत नाहीं. वाद्य वाजविण्यासाठीं आहे, पुजण्यासाठीं नव्हे. पण केवळ डागांसाठीं असें करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. अर्धवट ठिगळ तर त्याहून वाईट. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावण्याविषयींचा शुभवर्तमानांतील दृष्टांत येथें अक्षरशः खरा ठरतो. ज्यास नवेंकोरें ट्वीड हवें, त्यास मार्ग मोकळा आहे: १९५९ च्या नमुन्याचा 'बासमन' फेंडर कंपनीनें १९९० पासून पुन्हा बनविला. याच जुन्या बासमनच्या आराखड्यावरून इंग्लंडांत जिम मार्शल यांच्या दुकानानें १९६२ सालीं आपला पहिला ॲम्प्लिफायर तयार केला. त्या पिढीच्या पेटीवर पेल्याचें वर्तुळ किंवा सिगारेटीचा चटका असेल तर तो राहूं द्यावा.

आपल्याकडे, विशेषतः कोंकणपट्टींत, या कापडाचा खरा शत्रु पावसाळा आहे. सरसास व सुतास दोहोंसही बुरशी चढते. अशी पेटी कोणाच्या घरीं आलीच, तर ती भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीवर न टेकतां लांकडी पाटावर ठेवावी, प्लॅस्टिकमध्यें गुंडाळूं नये, आणि उघडीप पडेल त्या दिवशीं वाऱ्यावर ठेवावी, उन्हांत नव्हे.