विश्लेषण : डायलिसिस सुरू असताना हृदय का थकते?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला डायलिसिस जगवते. मात्र या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हेच आहे. असे का होते?

हृदयात बदल कधी सुरू होतात?

डायलिसिसच्या बरेच आधी. मूत्रपिंडाचा आजार बळावला की रक्तदाब वाढतो, अंगात पाणी साचते, हिमोग्लोबिन घटते. हा सगळा भार हृदयाच्या डाव्या कप्प्यावर येतो. तिथल्या स्नायूपेशी मोठ्या होतात, भिंत जाड होते. मात्र पेशींना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. रुग्णाला अनेकदा काहीच जाणवत नाही. बदल दिसतो तो टू-डी इको तपासणीत.

डायलिसिसचा ताण कसा पडतो?

दोन-तीन दिवस साचलेले पाणी चार तासांत काढले जाते. पाणी वेगाने निघाले की रक्तदाब घसरतो आणि हृदयाच्या स्नायूचा काही भाग तात्पुरता आकुंचन पावेनासा होतो. याला ‘स्टनिंग’ म्हणतात. मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळा नसतानाही हे घडते. ब्रिटनमध्ये ७० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२००९) सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत हा परिणाम दिसला. तो वारंवार झाल्यास हृदय कायमचे कमकुवत होऊ शकते.

खंड किती महत्त्वाचा?

अमेरिकेतील ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात (२०११) आठवड्यातील दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतर मृत्यूचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळले. हे रुग्ण आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे होते. भारतात अनेक जण दोनदाच घेतात, म्हणजे खंड आणखी मोठा. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. दोन वेळच्या डायलिसिसचे होतात जेमतेम आठ तास. लघवीचे प्रमाण चांगले असलेल्या काहींना दोनदा पुरतेही, पण तो निर्णय डॉक्टरांचा असावा, खिशाचा नव्हे.

मोफत योजना असताना अडचण काय?

पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना त्यात मोफत सेवा मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. पण केंद्र तालुक्याच्या गावापासून दूर असेल, तर एसटीचे भाडे आणि रुग्णासह सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी योजनेत धरली जात नाही. मग तिसरी फेरी गळते.

उपाय काय?

तासाला दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी काढल्यास धोका वाढतो, असे अभ्यास सांगतात. ६० किलोच्या रुग्णासाठी ही मर्यादा चार तासांत साधारण तीन लिटर होते. त्यामुळे मीठ कमी खाणे, दोन डायलिसिसमध्ये वजन फार वाढू न देणे आणि ठरलेला वेळ पूर्ण करणे महत्त्वाचे. पोटातून घरीच करायच्या पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पाणी सावकाश निघते. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातही तो पर्याय आहे. दूरच्या गावांतील रुग्णांपर्यंत तो पोहोचला, तर प्रवासही वाचेल आणि हृदयावरचा ताणही कमी होईल.