शिट्टीवाल्या डॉक्टरांचा पक्ष

नागभीड म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला नॅरोगेजची जुनी गाडी आठवते. त्याच नागभीडला १९५६ साली नागभैरव जयप्रकाश नारायण, म्हणजे ‘जेपी’, जन्मले, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. घर तेलुगू. गुंटूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, मग १९८० च्या तुकडीचे आयएएस. १९९६ साली नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी ‘लोकसत्ता’ नावाची चळवळ सुरू केली. (वर्तमानपत्राचा इथे काही संबंध नाही.) २ ऑक्टोबर २००६ ला तिचा पक्ष झाला आणि मार्च २०१६ मध्ये याच डॉक्टरांनी आता निवडणुका लढवायच्या नाहीत असं जाहीर केलं. दहा वर्षंही धड भरली नाहीत.

आमचं जैनथ तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं. पलीकडे यवतमाळ जिल्हा. घरात मराठी, दाखल्यावर तेलुगू. इथला जगद्देव परमाराच्या काळचा शिलालेख संस्कृतात आहे, म्हणजे राज्यकर्त्यांचा मजकूर आपल्याला न समजणं ही आमच्याकडे जुनीच रीत. तरी या जेपींचं तेलुगू टपरीवरच्या टीव्हीसमोर बसलेल्यांना बऱ्यापैकी कळायचं. आवाज न चढवता, बोटांवर मुद्दे मोजत बोलायचे. सरकारने फुकट वस्तू वाटण्यापेक्षा शाळा आणि दवाखाना नीट चालवावा, पैसा आणि अधिकार खाली गावापर्यंत द्यावेत, पक्षाने आपला हिशेब उघडा ठेवावा. २००९ च्या निवडणुकीत तेलुगू देसम रंगीत टीव्ही देऊ म्हणत होता, काँग्रेस राजशेखर रेड्डींच्या फुकट विजेवर आणि आरोग्यश्री या आरोग्यविम्यावर मतं मागत होती. त्या गदारोळात हा माणूस वेगळा उठून दिसायचा.

१६ एप्रिलला आमच्याकडे मतदान होतं. त्याच्या आधीचं टपरीवरचं बोलणं मला चांगलं आठवतं.

“हा डॉक्टर बोलते लय बरोबर.”

“मंग दे ना त्याले मत.”

“देतो, पण तो येते का माह्यासंग एमआरओ ऑफिसात?”

सगळे हसले. मीही हसलो, पण अख्ख्या निवडणुकीवर याहून नेमकं मी काही ऐकलं नाही. तेव्हाचं चित्र असं: बाप वारला, जमिनीवर वारसाचं नाव चढवायचं आहे. पट्टादार पासबुक हवं, ते असल्याशिवाय बँक पीककर्ज देत नाही, आणि मृगाचा पाऊस पासबुकासाठी थांबत नाही. अर्ज तेलुगूत. व्हीआरओ (तलाठी) म्हणतो उद्या या, एमआरओ (तहसीलदार) मीटिंगला गेलेले. अशा वेळी गावातला कुणीतरी पुढारी मोटारसायकलवर मागे बसवून नेतो, आत जाऊन दोन शब्द बोलतो, काम होतं. त्याने मध्ये काही खाल्लं असेल, नसेल. मत त्याचं. त्याने पक्ष बदलला तर मतही त्याच्यासोबत पक्ष बदलतं. आमच्याच मंडळातल्या दीपायीगुड्याचे जोगू रामन्ना २००९ ला तेलुगू देसमकडून आमदार झाले, पुढे तो पक्ष सोडून २०१२ च्या पोटनिवडणुकीत टीआरएसकडून निवडून आले, मग मंत्रीही झाले. पक्षांतराची चर्चा पेपरात झाली. इथे लोकांनी चिन्ह तेवढं नवं पाठ केलं.

मतदार पैशाला आणि दारूला विकला जातो, म्हणून चांगला पक्ष हरतो, असं लोकसत्ताचे शहरातले चाहते सांगायचे. मला ते कधी पटलं नाही. पैसे घेऊन भलत्यालाच मत देणारे मी भरपूर पाहिलेत. मधला माणूस सोडवत नाही, कारण तो नसला तर काम होत नाही. गंमत अशी, की हे लोकसत्ताइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं. चळवळ होती तेव्हा त्यांनी नेमकं तिथेच हात घातला होता. पेट्रोल पंपावर माप पुरं मिळतं का ते तपासायची मोहीम, सरकारी कामाला मुदत घालणारी नागरिकांची सनद, आणि मुदत टळली तर दिवसामागे भरपाई. १९९९ च्या निवडणुकीत कुणावर कोणते गुन्हे आहेत याची यादीच त्यांनी लोकांपुढे ठेवली. पुढे सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी उमेदवारांना ही माहिती शपथपत्रात देणं भाग पडलं. त्यामागे देशभरातल्या ज्या संघटनांचा रेटा होता त्यात हे एक होते. केंद्रातल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेवरही जेपी होते, माहिती अधिकाराचा कायदा आला त्या काळात. एकही आमदार नसताना झालेली ही कामं.

मग पक्ष झाला, आणि २००९ ला तेव्हाच्या एकत्र आंध्र प्रदेश विधानसभेच्या २९४ पैकी अडीचशेच्या आसपास जागा लढवल्या. मतं दोन टक्क्यांच्या आत. जागा एक, कुकटपल्लीची, खुद्द जेपींची. कुकटपल्ली म्हणजे हैदराबादची हाऊसिंग बोर्डाची वसाहत, सॉफ्टवेअरवाल्यांचे फ्लॅट, ठिकठिकाणाहून आलेले नोकरदार. तिथल्या बऱ्याच जणांना पासबुकासाठी कुणाच्या मोटारसायकलवर बसावं लागत नाही. त्याच निवडणुकीत चिरंजीवीच्या नव्या कोऱ्या प्रजाराज्यमने अठरा जागा घेतल्या आणि २०११ मध्ये तो पक्ष काँग्रेसमध्ये जमा झाला. जेपी कुठे जमा झाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे.

एकट्या आमदाराने विधानसभेत अभ्यासू भाषणं केली, पण ९ डिसेंबर २००९ ला दिल्लीने तेलंगणाची घोषणा केल्यावर आमच्या भागात एकच प्रश्न उरला: तू तेलंगणाच्या बाजूचा की नाही? जेपींचं उत्तर लांबलचक असायचं. वाटाघाटी, जिल्ह्यांना अधिकार, दोन्ही बाजूंचं हित. मुद्दा चुकीचा नव्हता. पण रस्त्यावर टायर जळत असताना असं उत्तर ऐकायला थांबणार कोण? २०११ मध्ये विधानसभेच्या आवारातच त्यांच्या अंगावर हात टाकला गेला. पुढच्याच वर्षी दिल्लीत आम आदमी पक्ष निघाला आणि भ्रष्टाचारविरोधाचं दुकान तिकडे हललं. २०१४ मध्ये जेपी मलकाजगिरीतून लोकसभेला हरले, पक्षाला भोपळा मिळाला. शिट्टी हे त्यांचं चिन्ह. ती आमच्या गावापर्यंत कधी नीट ऐकूच आली नाही.

नदीपलीकडच्यांनी यात फार समाधान मानू नये. शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, त्याच्यामागे तर शेतकरी संघटनेचं गावोगाव पसरलेलं बळ होतं. एकाधिकार खरेदीच्या काळात यवतमाळचा कापूस चोरून पैनगंगा ओलांडायचा आणि आदिलाबादच्या बाजारात यायचा. कापसाला मोकळा बाजार म्हणजे काय, हे त्या शेतकऱ्याला भाषणातून शिकायची गरज नव्हती. सभेला तो बैलगाड्या जुंपून गेला, बिल्ला छातीवर लावला, आणि मत जिथे द्यायचं तिथेच देऊन आला. वामनराव चटप २००४ ला या पक्षाकडून राजुऱ्यातून निवडून आले. राजुरा १९५६ पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. चटपांकडे तिथला माणूस आपली कामं घेऊन जायचा, म्हणून तिथे पक्षाला जागा सापडली. म्हणजे विचार आणि मोटारसायकल एकत्र असू शकतात. दुर्मीळ आहे, अशक्य नाही.

निवडणुका सोडण्याच्या जेपींच्या निर्णयाची अनेकांनी तारीफ केली. हैदराबादची त्यांची संस्था चालू आहे, जेपी बोलतात, लिहितात, आणि अजूनही बरोबरच बोलतात. माझी तक्रार २०१६ बद्दल नाहीच, २००९ बद्दल आहे. गावाला अधिकार द्या म्हणणाऱ्या पक्षाने सुरुवात विधानसभेच्या अडीचशे जागांपासून का केली? त्यातल्या बहुतेक उमेदवारांची नावंही लोकांना ठाऊक नव्हती. इथे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. वॉर्ड मेंबरला उभं राहायला मोठा खर्च येत नाही, वॉर्डातली सगळी घरं तोंडओळखीची. मंडळातल्या दहा गावांत दहा जण उभे करायचे, त्यांनी वारसनोंदीचा अर्ज कसा लिहायचा, पोच कशी मागायची, मुदत टळली तर कुणाकडे जायचं, एवढंच लोकांना मराठीत समजावून द्यायचं. त्यातले आठ हरले असते. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच गावात असते, त्याच टपरीवर चहा पीत, आणि पासबुकाचं विचारायला कुणीतरी त्यांच्याकडे आलं असतं.